रुग्णालयाच्या दर्जाला प्राध्यापक हवा

२०२३च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. मग जे व्हायचं ते झालं. औषधं नव्हती म्हणून. डॉक्टर नव्हते म्हणून. छे, रुग्णच शेवटच्या घटकेला आले म्हणून. उत्तरं एकमेकांवर आदळत राहिली. पाहणीला आलेल्या एका खासदारांनी घाण शौचालय पाहिलं आणि प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन ते साफ करायला लावलं. ते दृश्य राज्यभर मोबाइलवर फिरलं. काहींना तो न्याय वाटला, डॉक्टरांना अपमान वाटला, प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं.

या गदारोळात खरे प्रश्न वेगळे होते. एवढ्या मोठ्या रुग्णालयात एरवी दिवसाकाठी किती माणसं जातात? ती बाळं किती वजनाची होती? ‘आमच्याकडे नको, सरकारीत न्या’ असं सांगून त्यांतली किती ऐनवेळी पाठवली गेली होती? तितक्याच वजनाची, तितकीच आजारी बाळं लातूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला आली असती तर किती वाचली असती? यांची उत्तरं अगदी दिली गेलीच नाहीत असं नाही. पण ती देणारे सगळे कुठल्या ना कुठल्या बाजूचे होते: रुग्णालय, सरकार, विरोधक. ज्याचं पोट या उत्तरावर अवलंबून नाही, ज्याला हा हिशेब मांडता येतो आणि ज्याच्याकडे तो आधीच मांडून तयार आहे, असा माणूस चर्चेत नव्हता. कारण असा माणूस आपण घडवतच नाही.

रुग्णसेवेचा दर्जा हा आपल्याकडे तपासणीचा विषय झाला आहे. त्यासाठी तपासनीस आहेत, सल्लागार आहेत, प्रमाणपत्रं आहेत. तो अभ्यासाचा, आयुष्यभराच्या विद्यापीठीय कामाचा विषय मात्र झालेला नाही. आणि जोवर तो तसा होत नाही, तोवर तपासणीतून हाती काय लागतं हेही आपल्याला कळणार नाही, असं माझं म्हणणं आहे.

असं काम म्हणजे काय, हे पाहायचं तर अॅव्हेडिस डोनाबेडियन यांच्याकडे पाहावं. १९१९ साली बैरुतमध्ये जन्म. आर्मेनियन कुटुंब, तुर्कस्तानातल्या कत्तलीतून जीव वाचवून निघालेलं. वडील डॉक्टर, बालपण पॅलेस्टाइनमधल्या रामल्लाला. बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठातून १९४४ला वैद्यकीय पदवी, काही काळ जेरुसलेमच्या मिशन रुग्णालयात नोकरी, मग हार्वर्डला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण आणि १९६१पासून निवृत्तीपर्यंत मिशिगन विद्यापीठ. डॉक्टर म्हणून त्यांनी कुठलाही नवा उपचार शोधला नाही. मोठं रुग्णालय चालवलं नाही. फावल्या वेळात कविता लिहिल्या. आणि १९६६च्या जुलैत ‘मिलबँक मेमोरियल फंड क्वार्टर्ली’ या नियतकालिकात एक लांबलचक निबंध लिहिला, ज्यात स्वतःची म्हणावी अशी एकही पाहणी नव्हती. वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा जोखायचा, यावर तोवर जे जे लिहिलं गेलं होतं ते सगळं वाचून, उलटंपालटं करून त्यांनी त्याची चिकित्सा केली, इतकंच.

तो महिना मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. १ जुलै १९६६ला अमेरिकेत वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना प्रत्यक्ष अमलात आली. सरकार पहिल्यांदाच एवढ्या प्रमाणावर डॉक्टरांची आणि रुग्णालयांची बिलं भरणार होतं. पैसे मोजणाऱ्याला आज ना उद्या विचारावंच लागणार होतं की बदल्यात मिळतं काय.

डोनाबेडियन यांनी सांगितलं की दर्जाविषयीची माहिती तीन ठिकाणी सापडते. एक, रचनेत: खाटा किती, परिचारिका किती, यंत्रं चालू आहेत का, डॉक्टरांची पात्रता काय. दोन, प्रक्रियेत: रुग्णाला नीट तपासलं का, योग्य चाचणी केली का, योग्य वेळी योग्य औषध दिलं का. तीन, परिणामात: रुग्ण बरा झाला का, जगला का, पुन्हा कामाला लागला का. आज रुग्णालय व्यवस्थापनाच्या कुठल्याही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे त्रिकूट तोंडपाठ असतं, आणि बहुतेकांची गाडी तिथेच थांबते.

निबंधाचा जीव त्रिकुटात नाही, त्याला जोडलेल्या शंकांमध्ये आहे. परिणाम मोजावेत हे खरं; पण कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातला रुग्ण उत्तम सेवेनंतरही जाणार आणि सर्दीचा रुग्ण वाईट सेवेनंतरही बरा होणार. मग परिणामावरून सेवा कशी जोखायची? प्रक्रिया मोजावी, पण ‘योग्य’ प्रक्रिया कुठली हे ठरवणार कोण, आणि ती केल्याने रुग्णाचं भलं होतं याचा पुरावा काय? रचना मोजणं सगळ्यांत सोपं. पण चांगल्या रचनेतून चांगली प्रक्रिया आणि चांगल्या प्रक्रियेतून चांगला परिणाम निघतो, हे दुवे प्रत्येक ठिकाणी सिद्ध करावे लागतात, गृहीत धरता येत नाहीत. पुढे १९८८च्या लेखात त्यांना पुन्हा बजावावं लागलं की हे तीन म्हणजे दर्जाचे घटक नव्हेत. दर्जाविषयी अनुमान काढायला लागणाऱ्या माहितीचे ते तीन प्रकार आहेत. बावीस वर्षांत लोकांनी त्याचे रकाने करून टाकले होते. ते स्वतः मात्र मधल्या काळात लागोपाठ तीन खंडांत हीच वीण उसवत आणि घालत राहिले होते.

एका प्रश्नावर एवढी वर्षं घालवण्याची चैन रुग्णालयातल्या माणसाला परवडत नाही. याचं उदाहरण खुद्द डोनाबेडियन यांनीच अभ्यासलं होतं. बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांचं म्हणणं अगदी बाळबोध होतं: ज्याच्यावर उपचार केले त्या प्रत्येक रुग्णाची वर्षभराने चौकशी करा, गुण आला की नाही ते कार्डावर लिहा, आला नसेल तर का नाही तेही लिहा, आणि ते सगळ्यांना वाचू द्या. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बढती गुणांवर न होता सेवाज्येष्ठतेवर होते म्हणून १९१४ साली त्यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी एका जाहीर सभेत त्यांनी एक मोठं व्यंगचित्र उघडं केलं: बोस्टनच्या श्रीमंत वस्तीतले रुग्ण म्हणजे वाळूत तोंड खुपसलेला शहामृग, आणि तो डॉक्टरांकडे सोन्याची अंडी लाथाडतो आहे. शहरातल्या वैद्यकीय वर्तुळाने त्यांना दूर केलं. स्वतःच्या छोट्या रुग्णालयात त्यांनी १९११ ते १९१६ या काळातल्या ३३७ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला आणि त्यात आपल्या १२३ चुका मोजून दाखवल्या. त्या रुग्णालयाचंही पुढे काही खरं राहिलं नाही. १९४०ला ते गेले. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०१४ साली.

त्यांच्या खटपटीचा एक धागा अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने उचलला. रुग्णालयांनी किमान काय पाळावं याची एक पानी यादी करून त्यांनी शंभराहून जास्त खाटांची ६९२ रुग्णालयं तपासली. उतरली ८९. नावाजलेली रुग्णालयंसुद्धा नापास झालेली पाहून १९१९ साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलच्या भट्टीत नावांची ती यादी जाळून टाकण्यात आली. आकडे जाहीर झाले, नावं राखेत गेली. पुढच्या सगळ्या मानांकन व्यवस्थेचा उगम या यादीत आहे, आणि माझ्या मते तिचा स्वभावही. रुग्णालयांनी रुग्णालयांसाठी चालवलेली तपासणी कुठवर जाते आणि कुठे थांबते, ते त्या रात्रीच ठरून गेलं. कॉडमन आणि डोनाबेडियन यांच्या बुद्धीत फार अंतर नसावं. एकाला प्रश्न विचारल्याबद्दल वाळीत टाकलं गेलं, दुसऱ्याला तोच प्रश्न विचारण्याचा पगार मिळत होता.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या छत्राखालचं एनएबीएच हे मानांकन गेल्या वीसेक वर्षांत शहरी रुग्णालयांच्या दर्शनी भिंतीवर पोचलं. सरकारी रुग्णालयांसाठी २०१३पासून राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आली, २०१५ला स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ आलं, २०१७ला प्रसूतीगृहांसाठी ‘लक्ष्य’ आलं. मानांकनाला पैशांचीही जोड आहे: केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेत एनएबीएच असलेल्या रुग्णालयाला तोच उपचार करण्याचे दर जास्त मिळतात. त्यामुळे रुग्णालयांत ‘क्वालिटी’ नावाचा विभाग उघडला आणि त्यासाठी मनुष्यबळ लागू लागलं. दंतवैद्यक, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, नर्सिंग केलेली आणि वर हॉस्पिटल मॅनेजमेंटची पदवी घेतलेली शेकडो मुलंमुली आज महाराष्ट्रात क्वालिटी एक्झिक्युटिव्ह आहेत. कष्टाळू मंडळी आहेत. वॉर्डात त्यांना ‘क्वालिटीवाले आले’ म्हणतात, आणि ते म्हणण्यात फारसं प्रेम नसतं.

असेसमेंटच्या आधीचे पंधरा दिवस कुणी जवळून पाहिले असतील तर पुढचं सांगायला नको. एसओपीच्या फायलींना नव्या पाठी चिकटतात. मावशींना आगीच्या वेळी कुठला कोड म्हणायचा ते पाठ करून घेतात. मी पाहिलेल्या एका वॉर्डात इंजेक्शनांच्या फ्रिजवर तापमानाचा तक्ता लावलेला होता. महिन्याचे तीस दिवस, दिवसातून तीन नोंदी, सगळ्या एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात, आणि रात्रपाळीच्या नोंदीसुद्धा दुपारच्या सिस्टरांच्या सहीच्या. फ्रिज बहुधा ठीकच चालत होता. त्या सिस्टरांकडे त्या पाळीत वीसच्या वर रुग्ण होते, आणि तक्ता भरणं की सलाईन बदलणं यांत त्यांनी जी निवड केली ती मीही केली असती. पण त्या महिन्याच्या नव्वद नोंदी पुढे टक्केवारी होऊन वर गेल्या, आणि ‘अनुपालन शंभर टक्के’ असं कुणीतरी पडद्यावर दाखवलं असणार.

मानांकन फुकट आहे असं मी म्हणत नाही. निर्जंतुकीकरणाची नोंद, रक्त चढवण्याआधी दोघांनी पिशवी पडताळणं, शस्त्रक्रियेआधी बाजू तपासणं, आगीचं प्रशिक्षण, या गोष्टी मानांकनाच्या धाकाने का होईना अनेक ठिकाणी सुरू झाल्या. २०२१च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्यानंतर अग्निसुरक्षेच्या तपासणीला कागदी सोपस्कार म्हणायची माझी तरी जीभ रेटत नाही. प्रश्न इतकाच आहे की या शेकडो निकषांतले कुठले रुग्णाला वाचवतात आणि कुठले फक्त फाइल जाड करतात, हे कुणी शोधतंय का? निकष बनवणारी संस्था ते शोधणार नाही, कारण तिची पत त्या निकषांवर उभी आहे. मानांकित रुग्णालयही शोधणार नाही. आणि क्वालिटी एक्झिक्युटिव्हने शोधायला घेतलं तर पुढच्या महिन्यात तो दुसरीकडे मुलाखती देत असेल.

शोधलं की काय होतं, ते उत्तर प्रदेशात दिसलं. अमेरिकेतले शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांचं नाव मराठी वाचकाला परकं नाही. त्यांचे वडील आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे. शस्त्रक्रियेच्या आधी, चिरा देण्याआधी आणि संपल्यावर तपासायची एक यादी गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी तयार केली. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत, ज्यांत दिल्लीचं एक होतं, ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. २००९चा हा निष्कर्ष जगभर गाजला. मग तीच कल्पना बाळंतपणासाठी वापरायची ठरली. उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांतली १२० आरोग्य केंद्रं घेतली. निम्म्या ठिकाणी यादी दिली आणि नुसती भिंतीवर डकवली नाही, तर प्रशिक्षक महिनोन्‌महिने येऊन परिचारिकांच्या शेजारी उभे राहिले. दीड लाखांहून जास्त बाळंतपणांची नोंद झाली. निष्कर्ष २०१७ला प्रसिद्ध झाला. हात धुणं, योग्य वेळी औषध देणं, बाळाचं वजन करणं, या योग्य कृती यादी दिलेल्या केंद्रांत दोन महिन्यांनंतर सुमारे ७३ टक्के होत होत्या, इतर केंद्रांत ४२ टक्के. एवढी सुधारणा! आणि माता-बालकांचे मृत्यू व गंभीर गुंतागुंत? एकीकडे १५.१ टक्के, दुसरीकडे १५.३. म्हणजे फरक नाहीच.

हा निकाल मला या क्षेत्रातला सगळ्यांत मोलाचा वाटतो. प्रक्रियेतून परिणामाकडे जाणारा दुवा सिद्ध करावा लागतो, असं डोनाबेडियन पन्नास वर्षांपूर्वी म्हणाले होते, तो इथे तुटलेला सापडला. का तुटला? केंद्रात रक्त नसेल, सिझेरियनची सोय नसेल, पुढे पाठवायला गाडी वेळेवर मिळत नसेल, तर हात स्वच्छ धुतलेली परिचारिकासुद्धा रक्तस्रावापुढे काय करणार? की मोजलेल्या कृतीच चुकीच्या होत्या? की प्रशिक्षक शेजारी उभा असताना केलेली कृती आणि तो गेल्यानंतरची कृती यांत अंतर पडलं? वाद अजून चालू आहे. पण हा प्रयोग एखाद्या मानांकन संस्थेने केला असता तर ४२चे ७३ टक्के झाल्याचा समारंभ झाला असता, मान्यवरांच्या हस्ते ढाली वाटल्या असत्या, आणि १५.१ हा आकडा कुणाच्या नजरेसही पडला नसता. ज्यांनी यादी केली त्यांनीच ती इथे चालली नाही हे छापलं. ती शिस्त विद्यापीठाची आहे, तिथे अपयशाचा निबंधही निबंधच असतो.

उलट बाजूचं उदाहरण मिशिगनचंच आहे. तिथल्या शंभराहून जास्त अतिदक्षता कक्षांत पीटर प्रोनोव्होस्ट यांनी शिरेत घातलेल्या मोठ्या नळीतून होणारा रक्तसंसर्ग रोखायला पाच साध्या गोष्टी पाळायला लावल्या आणि संसर्ग एकदम खाली आला. २००६ साली हे प्रसिद्ध होताच वर्तमानपत्रांनी ‘यादीने चमत्कार केला’ असं जाहीर करून टाकलं. मेरी डिक्सन-वुड्स या इंग्लंडमधल्या समाजशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हेत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०११ साली, डोनाबेडियन यांचा निबंध छापणाऱ्याच नियतकालिकात, मिशिगनमध्ये नेमकं काय घडलं याचा उलगडा केला. यादी हा त्यातला छोटा भाग होता. रुग्णालयं एकमेकांना आपले आकडे दाखवू लागली, मागे पडल्याची लाज वाटू लागली, नळी घालताना डॉक्टर चुकले तर त्यांना थांबवायचा अधिकार सिस्टरला मिळाला आणि तिच्या पाठीशी वरिष्ठ उभे राहिले. ‘असे संसर्ग व्हायचेच’ ही समजूत मोडली. इंग्लंडने नंतर तोच कार्यक्रम आपल्याकडे आणला, तेव्हा त्यामुळेच फरक पडला असं म्हणता येईना. संसर्ग सगळीकडे आधीपासूनच कमी होत होते.

सिस्टरने कन्सल्टंटला ‘सर, थांबा’ म्हणणं महाराष्ट्रातल्या किती रुग्णालयांत शक्य आहे? ते कशामुळे शक्य होईल? हा संशोधनाचा विषय आहे, आणि त्याला समाजशास्त्र लागतं, नुसता पाच गुणांचा रकाना भरून ते कळत नाही.

मुंबईकरांनी तर एक अभ्यास घराच्या भिंतीवर लावावा. क्षयरोगाच्या उपचारांचा दर्जा पाहण्यासाठी संशोधकांनी सामान्य दिसणाऱ्या माणसांना रुग्णाची भूमिका शिकवली. ‘दोन-तीन आठवडे खोकला आहे, ताप येतो’ असं सांगत ते मुंबई आणि पाटण्यातल्या खासगी दवाखान्यांत गेले. डॉक्टरांनी काय विचारलं, काय लिहून दिलं, सगळं बाहेर येऊन नोंदवलं. २०१८ला निष्कर्ष आला: योग्य ते उपचार किंवा योग्य ती पुढची दिशा साधारण तिघांत एकालाच मिळाली. पदवी असलेल्या डॉक्टरांकडे जरा बरं चित्र होतं, पण दिलासा वाटावा इतकं नाही. जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत मध्य प्रदेशात वापरली तेव्हा आणखी एक गोष्ट हाती आली: सरकारी केंद्रातला डॉक्टर आपल्या खासगी दवाखान्यात बसला की तोच रुग्ण जास्त वेळ देऊन, जास्त नीट तपासत होता. ज्ञान तेच, माणूस तोच. औषधांचा साठा किंवा भिंतीवरचं प्रमाणपत्र तपासून हे कधीही कळलं नसतं. त्यासाठी कुणाला तरी खोटा रुग्ण घडवण्याची युक्ती सुचावी लागली, तिच्या नैतिकतेवर वाद घालावा लागला, परवानग्या काढाव्या लागल्या, आणि डॉक्टरांचा रोष पत्करावा लागला.

यावर डॉक्टर मित्र एक आक्षेप घेतात आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. म्हणतात, तुमच्या प्राध्यापकाने कधी रात्री तीनला इमर्जन्सी घेतली आहे का? आकड्यांवरून शहाणपण शिकवणं सोपं असतं. खरं आहे. आकड्यांच्या विद्वानांनीही घोळ घातले आहेत. इंग्लंडमधलं मिड स्टॅफर्डशर प्रकरण घ्या. ब्रायन जारमन, आधी भूभौतिकीतली डॉक्टरेट, मग वैद्यकशास्त्र, असा उलटा प्रवास केलेले इम्पीरिअल कॉलेजचे प्राध्यापक. त्यांच्या गटाने काढलेल्या प्रमाणित मृत्युदरात हे रुग्णालय अपेक्षेपेक्षा जास्त मृत्यूंचं दिसलं. रुग्णालयाने सांगितलं, आमच्या नोंदीच्या संकेतांकांची चूक असेल. आणि २००८च्या फेब्रुवारीत त्याच रुग्णालयाला सरकारी व्यवस्थेने स्वायत्त ‘फाउंडेशन ट्रस्ट’चा मानाचा दर्जा दिला. वर्षभराने चौकशीत बाहेर आलं की तिथे रुग्ण तहानलेले, अस्वच्छ अंथरुणात, वेदनेत पडून राहत होते. २०१३ला फ्रान्सिस चौकशीने २९० शिफारशी केल्या. पण जारमन यांच्या आकड्यांवरून ‘इतके बळी टाळता आले असते’ अशी जी संख्या वर्तमानपत्रांत फिरली, ती त्या आकड्यांतून काढता येत नाही, असंही संख्याशास्त्रज्ञांनी ठामपणे सांगितलं. अपेक्षेपेक्षा जास्त मृत्यू हा धूर आहे. आग आहे का, किती आहे, ते आत जाऊनच पाहावं लागतं.

तरीही या प्रकरणातून मी उलट निष्कर्ष काढतो. प्रमाणपत्र देणारी व्यवस्था शांत झोपली होती तेव्हा विद्यापीठातून इशारा आला. इशाऱ्याच्या मर्यादाही विद्यापीठातल्याच माणसांनी दाखवल्या. आपल्या आकड्यावर दुसरा तुटून पडणार आहे, हे ठाऊक असलेल्या ठिकाणीच आकडे जबाबदारीने तयार होतात. आणि वॉर्डाशी नाळ तुटलेला प्राध्यापक नको, हे मान्यच. पण त्यावरचा उपाय त्याला वॉर्डात बसवणं हा आहे. पदच रद्द करणं हा नव्हे.

खुद्द डोनाबेडियन यांना शेवटी खाटेवरून हे सगळं पाहावं लागलं. कर्करोगाने ते बरीच वर्षं आजारी होते. ९ नोव्हेंबर २०००ला गेले. जाण्याच्या महिनाभर आधी त्यांनी एका डॉक्टर-लेखकाला मुलाखत दिली. भेटलेले डॉक्टर आपापल्या कामात कुशल होते, पण सगळं एकत्र बांधणारं कुणी नव्हतं. ते ओझं रुग्णावर आणि त्याच्या पत्नीवर आलं. व्यवस्था उत्तम रचाव्यात, पण त्या पुरेशा नाहीत. अखेर दर्जाचं मूळ माणसाला रुग्णाबद्दल आणि आपल्या कामाबद्दल वाटणाऱ्या प्रेमात असतं, अशा अर्थाचं ते बोलले. परिषदांमध्ये हे वाक्य हल्ली पहिल्या स्लाइडवर असतं, मागे मावळता सूर्य. वाचणाऱ्यांनी हे विसरू नये की आधी चाळीसेक वर्षं पुरावे, व्याख्या आणि शंका यांची मशागत करून मग तो माणूस प्रेमावर आला. सुरुवातच प्रेमापासून करणाऱ्यांना ते अवतरण वापरायला बंदी असावी.

महाराष्ट्रात हे काम झालंच नाही असं नाही. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी ३९ गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू मोजून, गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवून, नवजात मृत्यूदर निम्म्याहून खाली आणला आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये तुलनेच्या गावांसह ते मांडलं. पुण्याच्या ‘साथी’ने २००७पासून आरोग्य केंद्रांवर लोकांची देखरेख उभी केली. मुंबईच्या ‘सेहत’ने खासगी रुग्णालयांवर चिवटपणे लिहिलं. या यादीत एकही वैद्यकीय महाविद्यालय नाही, हे बोचायला हवं. विद्यापीठाचं काम आपल्याकडे संस्थांनी देणग्या गोळा करून केलं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारखी एखादी जागा सोडली तर या विषयात आयुष्य घालवू पाहणाऱ्या तरुणाला जायला दार नाही. वैद्यकीय महाविद्यालयातला सामुदायिक वैद्यकशास्त्र विभाग हे स्वाभाविक घर. पण त्या विभागातला प्राध्यापक लसीकरणाच्या मोहिमा, विद्यार्थ्यांच्या जर्नली आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या पाहणीसाठी हजेरी यांतून वर डोकं काढत नाही. बढतीला शोधनिबंध लागतात, ते संख्येने लागतात. दोनशे विद्यार्थ्यांना हात धुण्याविषयी काय माहीत आहे, यावर एक प्रश्नावली फिरवली की निबंध होतो. आपल्याच रुग्णालयात मागच्या वर्षी शस्त्रक्रियेनंतर किती जखमा चिघळल्या, हे विचारलं की वैर होतं.

त्यामुळे नुसती पदं निर्माण करून भागणार नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने उद्या आरोग्यसेवा संशोधनाची दहा अध्यासनं जाहीर केली, तरी तीन गोष्टी लिहून मिळाल्या नाहीत तर ती रिकामी राहिलेली बरी. त्या प्राध्यापकाला संलग्न रुग्णालयांचे केसपेपर आणि मृत्यूंची पुनरावलोकनं ओळख झाकून पाहता आली पाहिजेत. निष्कर्ष छापायला अधिष्ठात्यांची किंवा संचालनालयाची परवानगी लागता कामा नये. आणि मानांकनाच्या सल्लागारीतून त्याला एक रुपयाही मिळता कामा नये. यांतली तिसरी अट सगळ्यांत अवघड जाईल, कारण या क्षेत्रातलं बाकी उत्पन्न तिथेच आहे.

सुरुवात कुठून करायची, यावर माझं मत पक्कं आहे. २०१२ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि आता महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना सरकारच्या पैशाने राज्यभर शस्त्रक्रिया करून घेते: हृदयात स्टेंट, मूत्रपिंडातले खडे, मोडलेल्या खुब्यात सळई. कुठल्या रुग्णालयात, कुठल्या तारखेला, काय केलं आणि किती पैसे दिले, हे सगळं दाव्यांमध्ये नोंदलेलं आहे. रुग्णाचं नाव-पत्ता सरकारकडे आहे. डिस्चार्ज झाला, दावा मंजूर झाला, की ती नोंद बंद होते. वर्षभराने त्यांतल्या दर शंभरातल्या पाच जणांच्या घरी माणूस पाठवून विचारता येईल: चालता येतं का, कामावर जाता का, पुन्हा ऑपरेशन करावं लागलं का, वरून किती पैसे द्यावे लागले. उत्तरं वयाप्रमाणे, आजाराच्या गंभीरतेप्रमाणे लावून रुग्णालयवार मांडायला दोन संख्याशास्त्रज्ञ, एक समाजशास्त्रज्ञ, एक डॉक्टर आणि फिरायला वीसेक मुलंमुली लागतील. योजनेच्या वर्षाच्या खर्चापुढे हा खर्च कुणाच्या लक्षातही येणार नाही. पहिल्या वर्षीचे निष्कर्ष कच्चे असतील, रुग्णालयं त्यांतल्या चुका दाखवतील, आणि त्या दाखवता याव्यात म्हणूनच पद्धत आधी छापावी लागेल. नावं मात्र या वेळी जाळायची नाहीत.